हिरव्या पट्टीचे सहा चिमटे

घराबाहेर पडताना मावशी रोज दाराशी थांबायची. अंगठा करंगळीवर टेकवायची आणि पुटपुटायची, गॅस, नळ, मागची खिडकी, किल्ली. एकेका बोटाला एकेक गोष्ट. मग कुलूप लावायची, ते ओढून बघायची, आणि जिना उतरण्याआधी अंगठा पुन्हा एकदा बोटांवरून फिरायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारातून विचारायच्या, "अगं, जप करतेस की काय सकाळी सकाळी?"

"माझा देव गॅसच्या शेगडीत आहे," मावशी म्हणायची. "त्याला बंद केल्याशिवाय निघता येत नाही."

ही सवय तिला कामाने लावली होती. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात कामाला होती. वर ऑपरेशन झालं की रक्ताने माखलेली हत्यारं लिफ्टने तिथे खाली यायची. ती धुवायची, वाळवायची, एकेक करून तपासायची, मोजून ट्रेमध्ये लावायची, ट्रे दुहेरी कापडात बांधून वाफेच्या यंत्रात ठेवायचा आणि पुन्हा वर पाठवायचा. प्रत्येक संचाचा रंग ठरलेला. हत्यारांच्या कड्यांवर त्या रंगाची बारीक पट्टी चिकटवलेली असायची. हिरवी पोटाच्या ऑपरेशनची, निळी हाडांची. मावशीची जागा बांधणीच्या टेबलावर होती. तिने मोजलं की वर कुणी शंका घेत नसे. सगळं हॉस्पिटल तिला मोजणीताई म्हणायचं. तिने मात्र वरच्या एकाही पेशंटचा चेहरा कधी पाहिला नव्हता. ते तिला हत्यारांवरून कळायचे, एवढंच.

त्या सुट्टीत तिच्याकडे खारू राहायला आली.

खारू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. वय सोळा. लहानपणापासून हाताला लागेल ते नखाने कुरतडायची, म्हणून हे नाव पडलं आणि मग तेच चिकटलं. दोन आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम बघून यायचं, असा शाळेचा नियम होता. ताईने, खारूच्या आईने, फोन केला तो विचारायला नव्हे, सांगायलाच.

"तुझ्या डोळ्यांसमोर राहील. इथे मला तिचं काही कळेनासं झालंय. मागच्या महिन्यात शाळेत सांगितलं, आई दवाखान्यात आहे, आणि पेपर बुडवला. मी इकडे घरात कपडे वाळत घालतेय!"

"लहान आहे गं."

"लहान? ती सांगेल त्यातलं निम्मं खोटं धर आणि उरलेलं तपासून बघ."

तळघराच्या मुख्य बाईंनी परवानगी दिली, पण चष्म्यावरून बघत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. "बघू दे तिला. हात लावायचा नाही कशाला. आणि ताई, जबाबदारी तुमची."

पहिले दोन दिवस खारू भिंतीला टेकून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी साबणाच्या बाटलीवरचं लेबल अर्धं सोललेलं सापडलं. मग टेबलाच्या कडेची रबरी पट्टी सुटली. मग मावशीने तिला एका कात्रीच्या कडीवर नख फिरवताना पकडलं आणि तिच्या हातावर चापटी मारली.

"ती पट्टी म्हणजे त्या कात्रीचं आडनाव आहे. काढलीस तर ती कुणाच्या घरची हे कुणाला कळणार?"

"कड सुटली होती म्हणून..."

"सुटू दे. नवी लावायला मी आहे."

वाफेचं यंत्र सांभाळणारे एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांना सगळे बंबमामा म्हणत. ते यंत्राच्या दारामागून ओरडले, "पोरी, इकडे ये. या यंत्राचा रंग गेली कित्येक वर्षं निघतोय, उरलेला तू काढ!"

खारू हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

घरी मात्र ती मुकाट असायची. एका संध्याकाळी मावशीचा निळ्या काठाचा कप जागेवर नव्हता. "कप कुठे गेला गं?" "मला काय माहीत?" खारूने मान वर न करता उत्तर दिलं. रात्रीचा कचरा बांधताना वर्तमानपत्राच्या पुडीत निळे तुकडे खळखळले. मावशीने पुडी न उघडता कचऱ्यात बांधली. पण ताईचं वाक्य तिच्या मनात ठाण मांडून बसलं. कपाचं काही नव्हतं. ती पुडी किती नीट बांधली होती, कुठेही टोक बाहेर येणार नाही अशी, ते तिला टोचत राहिलं.

आणि तरीही पोरीचा हात चांगला होता. मावशी ते नाकारू शकत नव्हती. वाळलेलं हत्यार ती उजेडात धरायची, सांध्यात डाग राहिला असेल तर न सांगता बाजूला ठेवायची. हत्यारं उघडी का ठेवायची, हे एकदाच सांगावं लागलं. रक्तवाहिनी पकडणारे चिमटे कात्रीसारखे असतात, दोन कड्या आणि पुढे वाकडी चोच. ती चोच मिटून बांधली तर वाफ आत शिरत नाही. त्यानंतर खारूच्या हातचा एकही चिमटा मिटलेला सापडला नाही. हात लावायचा नाही हा नियम हळूहळू वाळवायला हरकत नाही इथवर आला, मग लावून ठेवायला हरकत नाही इथवर. मोठ्या बाई दुपारी कागदपत्रांच्या खोलीत असायच्या, तेव्हा.

"ताई, ही तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे," बंबमामा म्हणायचे.

"घेऊ दे खुर्ची. पाठ मोडली माझी तिच्यात."

दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी हिरवा संच बांधायचा होता. मावशीने ट्रे पुढे ओढला आणि एप्रनच्या खिशात फोन थरथरला. ताई. आत फोन घ्यायची बंदी, म्हणून ती बाहेरच्या बोळात गेली.

"काय म्हणतेय? खोटं बोलली का काही?"

"नाही गं. बरी आहे."

"बरी म्हणजे? तू तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस हं. गोड बोलून गुंडाळेल तुला."

बोलणं लांबलं. मावशी परत आली तेव्हा ट्रे भरलेला होता. कात्र्या एका बाजूला, पकडी दुसऱ्या, चिमटे एका सळईत ओवलेले, सगळ्यांच्या चोची एका दिशेला उघड्या. चोच उघडून बसलेल्या पाखरांची रांगच जणू.

"झालं," खारू म्हणाली. "सहा चिमटे."

मावशीने वरून नजर टाकली. कामाची पाळी संपत आली होती, कान अजून ताईच्या आवाजाने तापलेले होते, आणि रांग इतकी देखणी होती की ती मोडून मोजायला हात धजेना. तिने कापड दुमडलं, वर पट्टी चिकटवली आणि सही केली.

त्या संध्याकाळी जेवताना तिचा अंगठा मधूनच बोटांवर जायचा आणि परत यायचा. "काय झालं?" खारूने विचारलं. "काही नाही. भात घे."

सकाळी तळघरातला फोन वाजला तेव्हा बांधणीच्या टेबलावर नुकताच उजेड पडला होता. मावशीनेच उचलला. वरच्या थिएटरमधली सिस्टर होती. नेहमी आधी चहा झाला का विचारणारी. आज तिने विचारलं नाही.

"मोजणीताई, हिरव्या संचात चिमटे किती बांधले होते?"

"सहा."

"नक्की?"

आजवर तिला हा शब्द कुणी विचारला नव्हता.

"का हो?"

"आमच्याकडे पाच आहेत. तातडीची केस होती, पेशंट रक्तबंबाळ आला, संच उघडताना मोजायला सवड मिळाली नाही. पोट अजून उघडं आहे. फिरतं एक्स-रे मशीन अपघाताच्या वॉर्डात अडकलंय, यायला अर्धा तास तरी लागेल. तेवढा वेळ पेशंट टिकेल असं दिसत नाही, म्हातारा माणूस आहे, रक्तदाब उतरत चाललाय. सर म्हणतात, तळघराकडूनच एक कमी आला असेल तर मी लगेच शिवतो. नसेल तर शोधावं लागेल. सांगा ताई."

"जरा थांबा. बघून सांगते."

"लवकर. जरा म्हणजे जराच."

फोन ठेवून मावशी वळली. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी अर्धं ऐकलं होतं. उरलेलं मावशीने दोन वाक्यांत सांगितलं. कुणी मोजलं, ते सोडून. खारू भिंतीपाशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

सगळे शोधू लागले. टेबलाखाली, वाळवणीच्या कपाटात, कापडांच्या घड्यांत. बंबमामा धुण्याच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून तळाची जाळी चाचपत होते.

"सापडला!" ते ओरडले.

त्यांच्या हातात एक चिमटा होता. पाणी निथळत होतं, कडीवर पट्टी नव्हती. मोठ्या बाईंनी छातीवर हात ठेवून श्वास सोडला. "देवा! धुताना जाळीत अडकला. तुम्ही पाचच बांधलेत ताई. चला, सुटलो. वर सांगा, शिवा म्हणावं."

मावशीने चिमटा हातात घेतला. पोटाच्याच मापाचा. तसलेच चिमटे निळ्या संचातही होते. "पट्टी नाहीये," ती म्हणाली.

"गरम पाण्यात सुटतात पट्ट्या. रोज सुटतात."

ते खरं होतं. रोज सुटायच्या. रोज तीच नव्या लावायची.

"सहा होते," खारू म्हणाली.

आवाज इतका बारीक की बंबमामांना ऐकूच गेला नाही. मोठ्या बाईंना गेला. "तू गप्प बस. तुझा काय संबंध?"

दोन्ही रस्ते मावशीला स्वच्छ दिसत होते. पाच म्हटलं तर वर टाके पडतील, सगळे सुटतील. एक चिमटा कमी बांधला म्हणून तिला चार शब्द ऐकावे लागतील, तेही दोन दिवसांत विसरले जातील. आणि पोरगी खरं बोलत असली तर तो चिमटा त्या म्हाताऱ्याच्या पोटात राहील. सहा म्हटलं आणि पोरगी खोटं बोलत असली, तर एका मरणाच्या दारातल्या माणसाला पोट उघडं ठेवून नसलेली वस्तू शोधत बसतील. निळ्या कपाची पुडी तिला आठवली. किती नीट बांधलेली.

ती खारूसमोर जाऊन उभी राहिली.

"नुसतं सहा म्हणू नकोस. कशावरून म्हणतेस ते सांग."

"होते. मी ठेवले ना."

"कशावरून?"

खारूची नखं एप्रनच्या शिवणीत रुतली होती. "तू रागावशील."

"खारू! वर माणूस पडलाय!"

"मी पट्टी शोधत होते," ती घाईघाईने म्हणाली. "सुटलेली. तू फोनवर होतीस ना, म्हणून. म्हटलं एखादी सुटलेली असेल तर काढू. सगळ्या चिमट्यांच्या पट्ट्यांची कड मी नखाने बघितली, एकेक करून. सहाही घट्ट होत्या. एकही निघेना. मग मी ते सळईत ओवले." तिचे डोळे भरून आले. "हा तिथला नाहीये मावशी. याला पट्टीच नाही. हा असता तर मला आधी हाच सापडला असता."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. साबणाची बाटली, टेबलाची कड, कात्रीची कडी. आठवडाभर हे नख कडेवरून कसं फिरतं ते तिने पाहिलं होतं. सैल टोक त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं. आणि पोरगी ज्या खोडीबद्दल रोज बोलणी खात होती, तीच आता स्वतःच्या तोंडाने सांगत होती, सगळ्यांसमोर.

मावशी फोनकडे निघाली.

"ताई," मोठ्या बाई म्हणाल्या, "काय करताय कळतंय ना? मोजलं कुणी? सही तर तुमची आहे."

"सही माझी. मोजलं हिने."

बंबमामा यंत्राचा नळ पिळायचे थांबले.

"हात लावायचा नाही म्हणून मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत."

"आणि आता एका शाळकरी मुलीच्या शब्दावर तुम्ही वर पोट उघडं ठेवायला सांगणार? ती चुकली असेल तर?"

मावशीने वरचा नंबर फिरवला. रिसीव्हर कानाला लावला. आवाज फुटला तो नेहमीचाच.

"सिस्टर, संच पूर्ण होता. चिमटे सहा. खाली एक सुटा सापडलाय, पण तो तुमचा नाही. शिवू नका. शोधा."

"तुम्ही स्वतः मोजले होते ना?"

"नाही. माझ्या भाचीने मोजले. मी न मोजता सही केली. पण सहा होते."

मग दूरवर, कुणाला तरी, "सर, थांबा." आणि फोन बंद.

तळघरात वाफेचा सुस्कारा तेवढा चालू राहिला. मोठ्या बाई स्टुलावर बसल्या, तिथे त्या कधी बसत नसत. बंबमामांना एरवी दर दोन वाक्यांत काहीतरी सुचायचं, ते आज ओले हात एप्रनला पुसत राहिले. ते कोरडे झाले तरी पुसत राहिले. मावशी टेबलाशी उभी होती. समोर कात्र्या होत्या, त्या मोजाव्यात असं वाटत होतं आणि मोजवत नव्हत्या. वर काय चाललं असेल ते तिला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. तिला हत्यारं माहीत होती, ती ज्यात जातात ते नाही. आज पहिल्यांदा तो म्हातारा कसा असेल, त्याचं कुणी बाहेर बसलं असेल का, असं काहीबाही मनात येत होतं.

खारू हळूच तिच्याजवळ सरकली. "मावशी, मी चुकले असेन तर?"

"तर मी चुकले."

"पण मी चुकले नाहीये."

"मग उभी राहा नीट."

फोन वाजला तेव्हा कुणीच हलेना. शेवटी मोठ्या बाईंनी उचलला. ऐकलं. "हं," म्हणाल्या. "हं." आणि रिसीव्हर मावशीकडे दिला.

"सापडला," सिस्टर म्हणाली. ती धापा टाकत होती. "आतड्यांच्या मागे सरकला होता. हिरव्या पट्टीचा."

"आणि पेशंट?"

"टेबलावर आहे अजून. ठेवते."

मावशी रिसीव्हर धरूनच उभी राहिली. बंबमामांनी तो तिच्या हातातून घेऊन ठेवला. खारू भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली, लहान मूल बसतं तशी.

मोठ्या बाईंनी त्या दिवशी आवाज चढवला नाही, ते जास्त जड गेलं. उद्यापासून मुलगी तळघरात येणार नाही. मावशी बांधणीच्या टेबलावर नाही, धुण्याच्या टाकीवर, वरून निर्णय येईपर्यंत. "नियम माझाही आहे आणि तुमचाही," त्या म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या. "तुम्ही पाच म्हणाला असतात तर मला कळलंही नसतं." हे कौतुक होतं की ताकीद, ते मावशीला उमगलं नाही. बहुधा त्यांनाही नसावं.

टाकीतला तो सुटा चिमटा निळ्या संचाचा निघाला. पण ते आठवड्याने कळलं, आणि तोवर कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

संध्याकाळी निघायच्या वेळी बंबमामा जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. ते वर जाऊन आले होते, स्वतःहून, चार मजले चढून.

"आहे," ते म्हणाले. "वॉर्डात नेलाय. झोपलाय. घोरतोय म्हणे."

मावशीने मान हलवली.

घरी आल्यावर ताईचा फोन आला. खारू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, लपवायचा प्रयत्न न करता.

"काय गं, शाळेतून फोन होता, म्हणे काम बंद केलं तिचं. काय करून ठेवलं? खोटं बोलली ना?"

"नाही."

"तू तिला पाठीशी घालतेयस."

"मी काहीतरी करून ठेवलं, ताई. तिने नाही. सावकाश सांगेन तुला, आत्ता थकलेय." आणि थोडं थांबून, "खरं बोलली ती. महाग पडलं, पण बोलली."

फोन ठेवल्यावर खारू दारातच उभी होती. दाराच्या चौकटीवरचा रंग एका जागी सुटला होता, तिचं बोट तिथे गेलं आणि तिने ते मागे घेतलं.

"कप मी फोडला," ती म्हणाली.

"माहितेय."

"कधीपासून?"

"कचरा कोण टाकतं या घरात?"

खारू हसली आणि रडलीही, कुठलं आधी ते सांगता आलं नसतं. मावशीने तिला दोन ताटं पुसायला दिली.

उरलेले दोन दिवस खारूने मावशीची वाट बघत घरात काढले. मावशी टाकीवरून परतायची तेव्हा तिची बोटं पाण्याने सुरकुतलेली असायची. "दुखतात का?" खारू विचारायची. "दुखत नाहीत. फुगतात." टेबल परत मिळेल की नाही, याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही.

खारू परत निघाली त्या सकाळी मावशी तिला बसस्टँडवर सोडायला निघाली होती. दोघी दाराशी आल्या. खारूच्या खांद्यावर बॅग, मावशीच्या हातात कुलूप. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारात आल्याच होत्या, त्यांना रोजचा प्रश्न विचारायचा होता. मावशीचा अंगठा करंगळीकडे गेला.

"मी बघितलं सगळं," खारू म्हणाली. "गॅस, नळ, मागची खिडकी. किल्ली तुझ्या हातात आहे."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. अंगठा करंगळीपाशी अडला, मग खाली आला. तिने कुलूप लावलं.

"मग घाल चप्पल," ती म्हणाली, "बस चुकेल."